ग्रंथालयाची तालिका कोणाच्या मालकीची? मुक्तस्रोत ‘कोहा’ आणि विद्यापीठ ग्रंथालये

विद्यापीठाच्या ग्रंथालयात लाखो ग्रंथ असतात. पण वाचकाच्या दृष्टीने तेवढेच ग्रंथ अस्तित्वात असतात, जेवढे तालिकेत सापडतात. तालिकेत नोंद नसलेला किंवा चुकीच्या नावाने नोंदलेला ग्रंथ कपाटात असूनही हरवल्यासारखाच असतो. पूर्वी ही तालिका लाकडी खणांतील पत्रकांवर होती आणि ती निर्विवादपणे ग्रंथालयाची होती. आता ती संगणकात आहे. संगणकातील नोंदी ज्या सॉफ्टवेअरमध्ये साठवल्या जातात त्याचा परवाना कोणाकडे, त्यातील माहिती बाहेर काढण्याचा अधिकार कोणाला आणि पुरवठादाराने उद्या काम थांबवले तर पुढे काय, हे प्रश्न त्यामुळे ग्रंथालयशास्त्राचा भाग झाले आहेत. जगभरातील अनेक ग्रंथालयांनी या प्रश्नांचे उत्तर मुक्तस्रोत प्रणालीत शोधले. त्यांतील सर्वांत परिचित प्रणाली म्हणजे ‘कोहा’. तिचा इतिहास, रचना, भारतीय भाषांच्या संदर्भातील अडचणी आणि ती स्वीकारताना घ्यावयाची काळजी यांचा हा परिचय.

एकात्मिक प्रणाली म्हणजे काय?

ग्रंथालयाचे काम ढोबळमानाने सहा भागांत विभागलेले असते : ग्रंथोपार्जन, तालिकीकरण, देवघेव, नियतकालिकांची नोंद, सभासदांची नोंद आणि वाचकांसाठी शोधसुविधा. ही सर्व कामे एकाच माहितीसाठ्यावर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला एकात्मिक ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. ग्रंथाची मागणी नोंदवली की त्याच नोंदीवर पुढे दाखल क्रमांक, वर्गांक व बारकोड चढतो. ग्रंथ कोणी नेला हे त्याच नोंदीत दिसते. आणि वाचकाला घरबसल्या तो उपलब्ध आहे की बाहेर गेला आहे, हे कळते. वाचकांसाठीच्या या शोधपानाला ‘ओपॅक’ हे नाव रूढ झाले आहे.

भारतात संगणकीकरणाची सुरुवात मोठ्या प्रमाणावर झाली ती युनेस्कोच्या ‘सीडीएस-आयसिस’ या सॉफ्टवेअरने. १९८५पासून ते विनामूल्य वितरित होऊ लागले आणि भारतात ‘निसॅट’ या शासकीय कार्यक्रमाने त्याचा प्रसार केला. ते प्रामुख्याने ग्रंथसूची तयार करण्यासाठी होते. नंतर अहमदाबाद-गांधीनगर परिसरातील ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राने विद्यापीठे व महाविद्यालयांसाठी ‘सोल’ ही प्रणाली विकसित केली. पुण्यात घडलेली ‘स्लिम’, दिल्ली परिसरातील ‘लिबसिस’ अशी खासगी सॉफ्टवेअरेही अनेक ग्रंथालयांत स्थिरावली. यांतील प्रत्येकाने आपापल्या काळात उपयुक्त काम केले. मात्र त्यांची मूळ आज्ञावली ग्राहकाच्या हाती येत नाही. मुक्तस्रोत प्रणालींचे वेगळेपण नेमके येथे आहे.

‘मोफत’ आणि ‘मुक्त’

मुक्तस्रोत म्हणजे फुकट, असा समज सर्वत्र आढळतो. तो अपुरा आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा त्यांचा आग्रह किमतीबद्दल नव्हता, स्वातंत्र्याबद्दल होता : सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरण्याचे, त्याची मूळ आज्ञावली पाहण्याचे, ती बदलण्याचे आणि मूळ किंवा बदललेली प्रत इतरांना देण्याचे स्वातंत्र्य. हे स्वातंत्र्य पुढच्या वापरकर्त्याकडेही जावे, यासाठी ‘ग्नू जनरल पब्लिक लायसन्स’ म्हणजे ‘जीपीएल’ हा परवाना तयार झाला. जीपीएलखालील सॉफ्टवेअर बदलून त्याचे वितरण करणाऱ्याला बदललेली आज्ञावलीही त्याच परवान्याखाली खुली करावी लागते.

विनामूल्य मिळणारे प्रत्येक सॉफ्टवेअर मुक्तस्रोत नसते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणाली शासकीय ग्रंथालयांना विनामूल्य उपलब्ध होते. पण ती मुक्तस्रोत नाही. उलट, मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर आधारित सेवा पैसे घेऊन देण्यास कोणतीही आडकाठी नाही. ग्रंथालय पैसे मोजते ते परवान्यासाठी नव्हे, तर उभारणी, प्रशिक्षण आणि देखभालीसाठी. सेवा असमाधानकारक वाटली तर पुरवठादार बदलता येतो; प्रणाली बदलावी लागत नाही.

केंद्र शासनानेही २०१५ साली शासकीय कामकाजात मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याविषयीचे धोरण जाहीर केले. त्या धोरणाचा भर खुल्या प्रमाणकांवर व मूळ आज्ञावलीच्या उपलब्धतेवर आहे. अनुदानावर चालणाऱ्या ग्रंथालयांनी त्याची दखल घेणे स्वाभाविक होते.

न्यूझीलंडच्या एका लहान ग्रंथालयातून

कोहाचा जन्म एखाद्या मोठ्या विद्यापीठात झाला नाही. न्यूझीलंडमधील लेव्हिन या गावासह भोवतालच्या परिसराला सेवा देणाऱ्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसमोर १९९९ साली एक साधी पण निकडीची अडचण उभी राहिली. त्यांची जुनी प्रणाली २००० सालच्या तारखा ओळखू शकणार नव्हती. ‘वाय-टू-के’ या नावाने त्या वर्षी जगभर गाजलेला हाच तो दोष. बाजारातील नवी सॉफ्टवेअरे या ग्रामीण ग्रंथालयाच्या आवाक्याबाहेर होती आणि शाखा जोडण्यासाठी लागणाऱ्या दूरसंचार वाहिन्यांचा खर्चही परवडणारा नव्हता.

वेलिंग्टनच्या ‘कटिपो कम्युनिकेशन्स’ या कंपनीने वेगळा मार्ग सुचवला : प्रणाली वेब ब्राउझरवर चालेल अशी लिहायची, म्हणजे साध्या दूरध्वनी जोडणीवरही शाखांचे काम चालेल. क्रिस कॉरमॅक हे तिच्या मूळ आज्ञावलीकारांपैकी एक. जानेवारी २०००च्या पहिल्याच दिवसांत ती कार्यान्वित झाली. त्यानंतर ट्रस्ट व कंपनीने ती जीपीएल परवान्याखाली सर्वांसाठी खुली केली. त्यामागे उदारतेइतकाच व्यवहारही होता. एका गावाच्या ग्रंथालयापुरते लिहिलेले सॉफ्टवेअर एकाच कंपनीवर अवलंबून राहिले असते. ते इतरांनी वापरले तर ते टिकण्याची व वाढण्याची शक्यता अधिक होती.

‘कोहा’ हा माओरी भाषेतील शब्द. त्याचा अर्थ भेट. पण परतफेडीची अपेक्षा जिच्यात अनुस्यूत आहे अशी भेट. आपल्याकडच्या आहेराच्या कल्पनेशी तो जवळचा आहे. पुढचा इतिहास या नावाला साजेसाच घडला. फ्रान्समधील पॉल पुलँ यांनी अनेक भाषांची सोय करण्याचे काम हाती घेतले. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील नेल्सनव्हिल सार्वजनिक ग्रंथालयाला ‘मार्क’ प्रमाणकाची गरज होती; त्या ग्रंथालयाने त्यासाठीचा आर्थिक भार उचलला आणि ती सुविधा सर्वांनाच मिळाली. एका ग्रंथालयाने आपल्या गरजेसाठी केलेला खर्च जगातील दुसऱ्या टोकाच्या ग्रंथालयाच्या उपयोगी पडतो, हा या पद्धतीचा व्यवहार्य गाभा आहे.

नावावरून झालेला वाद

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर कोणी मालकी सांगू शकत नाही, असे मानणाऱ्यांसाठी कोहाच्या नावाचा वाद बोधप्रद आहे. २००५ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘लिबलाइम’ या कंपनीने २००७मध्ये कटिपो कंपनीचा कोहाविषयक व्यवसाय विकत घेतला. २००९ साली तिने आपल्या ग्राहकांसाठी वेगळी आवृत्ती जाहीर केल्यावर उर्वरित विकासकांशी मतभेद तीव्र झाले. जुने संकेतस्थळ कंपनीच्या ताब्यात असल्याने समुदायाने नवे संकेतस्थळ उभारले. २०१०मध्ये ‘पीटीएफएस’ या कंपनीने लिबलाइम आपल्याकडे घेतली.

त्यानंतर न्यूझीलंडमध्येच ‘कोहा’ या नावाच्या व्यापारचिन्हासाठीचा अर्ज प्राथमिक पातळीवर स्वीकारला गेल्याचे २०११मध्ये उघड झाले. ज्या ट्रस्टच्या ग्रंथालयात हे सॉफ्टवेअर जन्मले, त्यालाच ते नाव वापरण्यास अटकाव होण्याची शक्यता निर्माण झाली. ट्रस्टने व ‘कॅटलिस्ट आयटी’ या कंपनीने अर्जाला हरकत घेतली. जगभरच्या ग्रंथालयांनी पाठिंबा दिला आणि २०१३ साली अर्ज फेटाळला गेला.

या प्रकरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. आज्ञावली मुक्त असली तरी नाव, संकेतस्थळ आणि सेवा यांवरील नियंत्रण ही वेगळी बाब आहे. दुसरे असे की, आज्ञावली मुक्त होती म्हणूनच समुदायाला संकेतस्थळ गमावूनही काम थांबवावे लागले नाही. बंदिस्त सॉफ्टवेअरची कंपनी विकली गेली असती, तर ग्राहक ग्रंथालयांच्या हाती करारपत्राखेरीज फारसे काही उरले नसते.

रचना आणि नियमित सुधारणा

कोहा मुख्यतः ‘पर्ल’ या भाषेत लिहिलेली आहे. माहितीसाठ्यासाठी ती ‘मायएसक्यूएल’ किंवा ‘मारियाडीबी’ वापरते आणि सर्वसाधारणपणे ‘डेबियन’ किंवा ‘उबुंटू’ या लिनक्स प्रणालींवर उभारली जाते. शोधासाठी ‘झेब्रा’ हे शोधयंत्र दीर्घकाळ वापरात आहे. अलीकडील आवृत्त्यांत ‘इलॅस्टिकसर्च’चाही पर्याय मिळतो. कर्मचारी व वाचक दोघेही ब्राउझरवरूनच काम करतात. त्यामुळे प्रत्येक संगणकावर स्वतंत्र सॉफ्टवेअर बसवावे लागत नाही.

दर सहा महिन्यांनी, मे व नोव्हेंबरमध्ये, नवी मुख्य आवृत्ती येते. २०१६पासून आवृत्तीच्या क्रमांकातच वर्ष व महिना असतो. कोणताही बदल मुख्य आज्ञावलीत जाण्यापूर्वी तो लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या व्यक्तीने तपासून मान्य करावा लागतो, त्यानंतर गुणवत्ता पथकाची तपासणी होते. ही चर्चा सर्वांना पाहता येते. एखाद्या महाविद्यालयातील ग्रंथपालाने कळवलेला दोष आणि त्यावर झालेली दुरुस्ती यांचा माग त्यामुळे काढता येतो.

या समुदायाच्या वार्षिक परिषदेला ‘कोहाकॉन’ म्हणतात. २०११ सालची परिषद ठाणे येथे झाली होती. भारतीय ग्रंथपालांचा या प्रणालीशी आलेला संबंध त्यामुळे केवळ वापरकर्त्याचा राहिला नाही.

‘मार्क’ : नोंदीची समान भाषा

प्रणाली कोणतीही असो, तिच्यातील नोंदी कोणत्या साच्यात आहेत यावर ग्रंथालयाचे भवितव्य अवलंबून असते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट एव्हरम यांच्या नेतृत्वाखाली १९६०च्या दशकात ‘मार्क’ हा यंत्रवाच्य साचा तयार झाला. त्यात प्रत्येक माहितीला ठरावीक क्रमांक असतो. ०२० हे ग्रंथाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांकाचे क्षेत्र, ०८२ ड्युई वर्गांकाचे, १०० मुख्य लेखकाचे, २४५ शीर्षकाचे आणि ६५० विषयाचे. या साच्यातील नोंदी आयएसओ २७०९ या प्रमाणकानुसार एका प्रणालीतून दुसरीत नेता येतात.

या समान भाषेचा रोजच्या कामातही लाभ होतो. ‘झेड ३९.५०’ या संकेतप्रणालीद्वारे दुसऱ्या ग्रंथालयाच्या तालिकेतील नोंद मागवून घेता येते. इंग्रजी पाठ्यग्रंथाची नोंद मुळापासून तयार करण्याऐवजी ती काही क्षणांत उतरवून घ्यायची आणि तीत केवळ आपल्या प्रतीचा दाखल क्रमांक, वर्गांक व स्थान भरायचे, अशी पद्धत त्यामुळे शक्य होते. मराठी व कोकणी ग्रंथांच्या बाबतीत मात्र अशा तयार नोंदी कमी मिळतात. हे काम येथील ग्रंथालयांनाच करावे लागते; आणि एका ग्रंथालयाने ते नीट केले तर इतरांचे श्रम वाचतात.

देवनागरीच्या अडचणी

भारतीय ग्रंथालयांत कोहा अपेक्षेप्रमाणे चालत नाही, अशी तक्रार येते तेव्हा दोष बहुधा तीन ठिकाणी असतो.

पहिला, जुन्या टंकांचा. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक ग्रंथालयांनी मराठी नोंदी निरनिराळ्या खासगी टंकांत भरल्या. पडद्यावर देवनागरी दिसत असले तरी संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे व चिन्हे असतात. अशी नोंद थेट कोहात घातली तर वाचकाला निरर्थक अक्षरांची रांग दिसते. त्या टंकानुसार रूपांतर करून व नंतर जोडाक्षरे डोळ्यांखालून घालूनच ती घ्यावी लागते.

दुसरा, शोधयंत्राच्या मांडणीचा. झेब्रामध्ये अक्षरे हाताळण्याचे ‘सीएचआर’ व ‘आयसीयू’ असे दोन पर्याय आहेत. रोमन लिपीसाठी पहिला पुरेसा ठरतो. देवनागरी, कन्नड यांसारख्या लिपींसाठी दुसरा निवडावा लागतो आणि निवडल्यावर संपूर्ण संग्रहाची शोधसूची नव्याने तयार करावी लागते. उभारणीच्या वेळी एवढी एक गोष्ट राहून गेली, तर नोंद असूनही मराठी शब्द शोधात सापडत नाही आणि दोष मात्र प्रणालीच्या माथी येतो.

तिसरा, लेखनभेदाचा. ‘आनंद’ आणि ‘आनन्द’ वाचकाला एकच, संगणकाला दोन. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्ध्या र-काराचे तर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लेखन होते : एकात नुक्तायुक्त र वापरला जातो, दुसऱ्यात साध्या र-नंतर न दिसणारे जोडचिन्ह येते. दोन्ही पडद्यावर सारखे दिसतात. नोंद एका पद्धतीने व शोध दुसऱ्या पद्धतीने झाला तर ग्रंथ सापडण्याची खात्री उरत नाही. नोंदी भरण्यापूर्वीच ग्रंथालयाने लेखनाचा एक नियम ठरवून घेणे, हा यावरचा साधा उपाय आहे.

मार्कमधील ८८० हे क्षेत्र येथे विशेष उपयोगी पडते. त्यात तीच माहिती दुसऱ्या लिपीत देऊन मूळ क्षेत्राशी जोडता येते. शीर्षक देवनागरीत व त्याचे रोमन लिप्यंतर अशा दोन्ही रूपांत नोंद केली, तर देवनागरी कळफलक नसलेल्या वाचकालाही ग्रंथ शोधता येतो.

गोव्यातील संग्रह आणि नावांची गुंतागुंत

गोव्याच्या ग्रंथालयांना हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. पणजीतील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचा वारसा १८३२पर्यंत मागे जातो. १९८५ साली सुरू झालेल्या गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर आणि गणिती व इतिहासचिंतक दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे वैयक्तिक ग्रंथसंग्रह आहेत. येथील ग्रंथालयांत पोर्तुगीज, मराठी, इंग्रजी आणि देवनागरी व रोमी अशा दोन्ही लिपींतील कोकणी ग्रंथ शेजारी शेजारी नांदतात.

अशा संग्रहाच्या तालिकेत एकाच व्यक्तीचे नाव अनेक रूपांत येते. मराठी ग्रंथावरील ‘पिसुर्लेकर’ पोर्तुगीज ग्रंथावर ‘पिस्सुर्लेंकार’ या वळणाने छापलेले असते. मुखपृष्ठावर ‘नोव्हा गोवा’ हे प्रकाशनस्थळ असलेला ग्रंथ पणजीचा आहे, हे नव्या पिढीतील विद्यार्थ्याला ठाऊक असेलच असे नाही. बा. भ. बोरकर यांच्यासारख्या कवीची मराठी व कोकणी पुस्तके एकत्र शोधता यायची, तर त्यांच्या नावाचे एक अधिकृत रूप ठरवून इतर रूपे त्याला जोडावी लागतात. कुसुमाग्रज व वि. वा. शिरवाडकर या दोन नावांबाबतही तेच.

यासाठी कोहात ‘अधिकृत नामनोंद’ हा स्वतंत्र विभाग आहे. एकदा नामनोंद तयार केली की तिच्याशी जोडलेल्या सर्व ग्रंथांचा शोध कोणत्याही रूपाने घेता येतो. ग्रंथ पूर्वी कोणाच्या संग्रहात होता हे नोंदवण्यासाठी मार्कमध्ये ५६१ हे क्षेत्र आहे. एखाद्या अभ्यासकाने कोणते ग्रंथ वाचले होते याचा शोध घेणाऱ्या संशोधकाला या एका क्षेत्रामुळे संपूर्ण संग्रहाची यादी मिळू शकते. ही सोय प्रणाली देते. माहिती भरण्याचे काम मात्र जाणकार ग्रंथपालाचेच.

पोर्तुगीज स्वरचिन्हे, देवनागरी आणि कन्नड एकाच तालिकेत ठेवता येतात, याचे कारण कोहाचा माहितीसाठा युनिकोडवर आधारलेला आहे. बेळगावसारख्या भागात मराठी व कन्नड ग्रंथांची एकत्र तालिका करतानाही हाच गुण कामी येतो.

इतर मुक्तस्रोत पर्याय

कोहा हा एकमेव पर्याय नाही. हैदराबादेत ‘व्हेरस सोल्यूशन्स’ व ‘केशवन इन्स्टिट्यूट’ यांनी विकसित केलेली ‘न्यूजेनलिब’ प्रणाली २००८ साली मुक्तस्रोत करण्यात आली. ती ‘जावा’ भाषेत लिहिलेली आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या ग्रंथालयांनी आपल्या सामायिक जाळ्यासाठी ‘एव्हरग्रीन’ घडवली. २००६पासून ती वापरात आहे. अनेक शाखांच्या मोठ्या जाळ्यासाठी ती विशेष विचारात घेतली जाते.

प्रबंध, शोधनिबंध व दुर्मीळ ग्रंथांच्या डिजिटल प्रती यांच्यासाठी वेगळ्या प्रकारची प्रणाली लागते. एमआयटी व ह्युलेट-पॅकार्ड यांनी २००२ साली खुली केलेली ‘डीस्पेस’ ही त्यांतील प्रमुख. पीएचडी प्रबंधांचा ‘शोधगंगा’ हा राष्ट्रीय संग्रह तिच्यावरच उभा राहिला. न्यूझीलंडच्याच वायकाटो विद्यापीठाची ‘ग्रीनस्टोन’ ही आणखी एक. कोहाने छापील ग्रंथांचे व्यवहार सांभाळायचे व डीस्पेसने डिजिटल संग्रह, अशी विभागणी अनेक विद्यापीठांत दिसते.

खर्चाचा खरा हिशेब

परवाना शुल्क शून्य असल्याने अर्थसंकल्पात तरतूद लागणार नाही, ही समजूत सर्वांत महागात पडते. सर्व्हर किंवा भाड्याची क्लाउड जागा, वीजपुरवठ्याची पर्यायी सोय, बारकोड छपाई व वाचक यंत्रे, जुन्या नोंदींची दुरुस्ती, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि वार्षिक देखभाल हे खर्च कायम राहतात. यांतील नोंदींची दुरुस्ती हा भाग कागदावर क्षुल्लक दिसतो आणि प्रत्यक्षात सर्वाधिक वेळ खातो.

याचे एक नित्याचे उदाहरण म्हणजे प्रतींची नोंद. दाखलनोंदवहीत एकाच पुस्तकाच्या पाच प्रती पाच ओळींत असतात. त्या ओळी एक्सेल पत्रकातून जशाच्या तशा घेतल्या, तर तालिकेत एका पुस्तकाच्या पाच स्वतंत्र नोंदी होतात आणि वाचकाला शोधात तेच शीर्षक पाचदा दिसते. योग्य पद्धतीत ग्रंथाची नोंद एक व तिच्याखाली पाच प्रती असतात. हे विलीनीकरण स्थलांतरापूर्वी करणे सोपे. नंतर करणे जिकिरीचे.

म्हणून जाणकार ग्रंथपाल टप्प्याटप्प्याने पुढे जातात. प्रथम जुन्या पत्रकातील प्रत्येक रकाना मार्कच्या कोणत्या क्षेत्रात जाणार याचा तक्ता करायचा. मग सर्व भाषा व सर्व प्रकार येतील अशा निवडक नोंदी चाचणीसाठी घ्यायच्या. त्या शोधून, देवघेव करून, अहवाल काढून पाहायच्या. त्यानंतरच संपूर्ण संग्रह स्थलांतरित करायचा आणि काही काळ जुनी प्रणाली केवळ पाहण्यासाठी चालू ठेवायची. परीक्षेच्या तोंडावर हे काम हाती घेऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

मूल्यांकन आणि प्रत्यक्ष वापर

अनेक महाविद्यालयांत संगणकीकरणाला वेग येतो तो ‘नॅक’च्या भेटीपूर्वी. मूल्यांकनाच्या अहवालात ग्रंथालयातील एकात्मिक प्रणालीचे नाव, आवृत्ती, संगणकीकरणाचे वर्ष आणि ते पूर्ण की अंशतः, अशी माहिती द्यावी लागत आली आहे. घाईत उभारलेली प्रणाली रकाना भरण्यापुरती पुरते. त्यानंतर उभारणी करणारा तंत्रज्ञ निघून जातो, सांकेतिक शब्द कोणाकडे आहेत हे कळत नाही, आवृत्ती अद्ययावत होत नाही आणि दोन वर्षांनी देवघेव पुन्हा वहीवर येते.

हे टाळायचे तर काही गोष्टी करारातच लिहून घ्याव्या लागतात. सर्व्हरचे प्रशासकीय अधिकार ग्रंथालयाकडे असावेत. रोजची सुरक्षित प्रत आपोआप निघावी आणि तिची एक प्रत इमारतीबाहेर ठेवली जावी. कोहात रोजच्या प्रतीची सोय आहे. परंतु त्या प्रतीवरून प्रणाली पुन्हा उभी राहते की नाही, याची चाचणी वर्षातून एकदा तरी व्हावी. सेवा संपुष्टात आल्यास सर्व नोंदी मार्क साच्यात व सभासदांची माहिती खुल्या साच्यात परत मिळेल, अशी अट असावी. तिसऱ्या पक्षाच्या क्लाउडवर प्रणाली असेल तर ही अट विशेष महत्त्वाची. कारण सॉफ्टवेअर मुक्त असले तरी माहिती दुसऱ्याच्या यंत्रावर असते.

याहून मोठी गरज माणसांची आहे. ग्रंथपालांची पदे रिक्त राहिली किंवा सर्व भार कंत्राटी कर्मचाऱ्यांवर पडला, तर कोणतीही प्रणाली टिकत नाही. किमान दोन व्यक्तींना प्रणालीचे काम येणे आणि केलेल्या प्रत्येक बदलाची लेखी नोंद असणे, ही साधी शिस्त महागड्या यंत्रसामग्रीपेक्षा अधिक उपयोगी ठरते.

वाचकाची गोपनीयता

कोणी कोणते पुस्तक वाचले, ही माहिती खासगी आहे. आजाराविषयी, धर्माविषयी किंवा राजकीय विचाराविषयी वाचणाऱ्याला आपल्या वाचनाची यादी इतरांच्या हाती जाण्याची भीती वाटू नये, हे ग्रंथपालाच्या व्यवसायनीतीतच येते. कोहात देवघेवीचा इतिहास कायम ठेवायचा, ठरावीक मुदतीनंतर निनावी करायचा की पुस्तक परत येताच निनावी करायचा, हे ठरवता येते. ग्रंथालयाने मुभा दिल्यास वाचक स्वतःही निवड करू शकतो. कोणते पुस्तक किती वेळा गेले ही आकडेवारी त्यानंतरही शिल्लक राहते. केवळ वाचकाचे नाव पुसले जाते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाल्यानंतर या सुविधेकडे दुर्लक्ष करणे ग्रंथालयांना परवडणारे नाही.

मर्यादा

कोहाच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. तिच्यातील शेकडो पर्याय नवख्या कर्मचाऱ्याला गोंधळात टाकतात. लिनक्सचे प्राथमिक ज्ञान नसलेल्या ग्रंथालयाला बाहेरच्या मदतीवर अवलंबून राहावे लागते. हवे तसे अहवाल काढण्यासाठी ‘एसक्यूएल’ येणे उपयुक्त ठरते. पडद्यावरील सूचनांचे भाषांतर स्वयंसेवक करतात. ज्या वाक्याचे भाषांतर झालेले नाही ते इंग्रजीतच दिसते. ग्रंथालयशास्त्राच्या मराठी विद्यार्थ्यांना व भाषातज्ज्ञांना येथे काम करण्यास मोठा वाव आहे; आणि असे काम एका महाविद्यालयापुरते मर्यादित राहत नाही.

ज्या ग्रंथालयात सध्याची प्रणाली नीट चालते, नोंदी प्रमाणित साच्यात आहेत आणि त्या हव्या तेव्हा बाहेर काढता येतात, त्याने केवळ प्रवाहाबरोबर जाण्यासाठी बदल करण्याचे कारण नाही. मात्र जेथे स्वतःच्याच नोंदी मिळवण्यासाठी पुरवठादाराची परवानगी लागते, तेथे विचार करण्याची वेळ आली आहे असे समजावे.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पंचसूत्रांत वाचकाचा वेळ वाचवण्याला आणि ग्रंथालयाच्या सततच्या वाढीला स्थान आहे. प्रणालीची निवड करताना याच दोन कसोट्या आजही पुरेशा आहेत : वाचकाला ग्रंथ लवकर सापडतो का, आणि आज भरलेली नोंद वीस वर्षांनंतर, वेगळ्या यंत्रावर व वेगळ्या सॉफ्टवेअरमध्येही वापरता येईल का. दुसऱ्या प्रश्नाचे लेखी उत्तर मिळेपर्यंत ग्रंथालयाने कोणत्याही करारावर स्वाक्षरी करू नये.